विपक्षातील मौन

जी वस्तू डोळ्यांना कधीच दिसणार नाही, तिच्याविषयीच्या ज्ञानाला प्रामाण्य कोठून येते, हा भारतीय ज्ञानमीमांसेतील अत्यंत चिवट प्रश्न आहे. पर्वतावरचा धूर पाहून तेथे अग्नी आहे असे म्हणणाऱ्याला निदान पर्वत चढून अग्नी पाहता येतो, आणि न्यायशास्त्रातील अनुमानाची बरीचशी चर्चा या सोयीचा आधार गृहीत धरून चालते. परंतु जेथे पर्वत चढण्याची वाटच नाही, तेथे अनुमान करणाऱ्याने आपल्या ज्ञानाची कसोटी कशावर लावावी? पेशीच्या अंतरंगातील बहुतेक वस्तू या दुसऱ्या प्रकारच्या आहेत, आणि त्यांतही पेशीतील संदेशवहनाचे दुवे म्हणून काम करणारी ‘अ‍ॅडाप्टर’ प्रथिने या प्रश्नाला ज्या टोकापर्यंत नेतात, तेथे तो इतरत्र क्वचितच पोहोचतो. या प्रथिनांचा अभ्यास ज्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने होतो, त्यांच्या विश्वासार्हतेविषयी गेल्या काही वर्षांत जो गंभीर वाद झाला, तो प्रयोगशाळेतील तांत्रिक तक्रार म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी नैयायिक आणि मीमांसक यांच्यातील स्वतःप्रामाण्य व परतःप्रामाण्य हाच वाद नव्या सामग्रीनिशी उभा आहे.

ग्रब-२ या प्रथिनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २१७ अमिनो आम्लांची ही एक लहानशी साखळी असून तिचे वजन सुमारे २५ किलोडाल्टन भरते. डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. या साखळीचे तीन भाग पडतात: मध्ये एसएच-२ नावाचा खंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एसएच-३ नावाचा एकेक खंड. पेशीला वाढीचा संदेश देणारा ईजीएफ हा घटक बाहेरून पेशीपटलावरील आपल्या ग्राहकाला चिकटला, की त्या ग्राहकाच्या आतल्या शेपटीवरील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचा गट बसतो. ग्रब-२ चा एसएच-२ खंड नेमका हा फॉस्फेटधारी टायरोसिन ओळखून पकडतो, आणि त्याच वेळी त्याच्या एसएच-३ खंडांनी सॉस नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा प्रोलीनयुक्त भाग धरलेला असतो. अशा रीतीने पेशीपटलाजवळ ओढले गेलेले सॉस तेथील रास या प्रथिनाला आपल्याजवळचा जीडीपी सोडून जीटीपी घ्यायला लावते, रास जागे होते आणि संदेश पुढे केंद्रकाकडे जातो. या साखळीत ग्राहक फॉस्फेट जोडतो, सॉस देवघेव घडवते, रास जीटीपीचे विघटन करते. ग्रब-२ मात्र स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवून आणत नाही. ते एका हाताने याला आणि दुसऱ्या हाताने त्याला धरते, आणि एवढेच त्याचे कार्य आहे.

सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने सत्तेचे लक्षण ‘अर्थक्रिया’, म्हणजे काही कार्य घडवून आणण्याचे सामर्थ्य, असे केले. विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणाऱ्या प्रथिनाच्या, बाबतीत हे लक्षण प्रयोगशाळेतही सहज लावता येते: परीक्षानळीत विकर आणि त्याचे भक्ष्य द्रव्य एकत्र केले आणि नवे द्रव्य तयार झाले, तर विकर तेथे होते असे कळते, आणि किती होते हेही मोजता येते. अ‍ॅडाप्टर प्रथिनाच्या बाबतीत ही वाट बंद आहे, कारण त्याला एकट्याला परीक्षानळीत ठेवले तर काहीच घडत नाही. त्याचे अस्तित्व त्याच्या कार्यावरून ओळखता येत नसल्यामुळे ते त्याच्या आकारावरून ओळखावे लागते, आणि आकार ओळखणारे जे साधन जीवशास्त्राला मिळाले आहे ते म्हणजे प्रतिपिंड. अ‍ॅडाप्टरच्या अभ्यासकाला प्रतिपिंडावर जितके विसंबून राहावे लागते तितके विकराच्या अभ्यासकाला राहावे लागत नाही, हे पुढच्या सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रतिपिंड हे मुळात प्राण्याच्या रोगप्रतिकारयंत्रणेने परक्या द्रव्याला पकडण्यासाठी घडवलेले प्रथिन होय. सशाला ग्रब-२ चा एखादा तुकडा टोचला, तर त्याच्या रक्तात त्या तुकड्याच्या निरनिराळ्या भागांना चिकटणारी अनेक प्रतिपिंडे तयार होतात. या मिश्रणाला बहुकृत्तक म्हणतात. एकाच पेशीच्या वंशातून एकच एक प्रतिपिंड अखंड मिळवण्याची युक्ती जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे शोधली, आणि तिच्याबद्दल १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना नील्स येर्ने यांच्यासह मिळाले. पेशी फोडून त्यातील प्रथिने जेलमधून वजनानुसार वेगळी करायची, ती एका पातळ पटलावर उतरवून घ्यायची आणि त्या पटलावर प्रतिपिंड सोडायचे, ही ‘वेस्टर्न ब्लॉट’ नावाने ओळखली जाणारी पद्धत १९७९ च्या सुमारास रूढ होऊ लागली. प्रतिपिंड जेथे चिकटेल तेथे पटलावर काळा पट्टा उमटतो. पट्टा २५ किलोडाल्टनच्या जागी दिसला, की अभ्यासक म्हणतो, या पेशीत ग्रब-२ आहे.

येथे डोळ्यांना दिसतो तो पट्टा, ग्रब-२ नव्हे. न्यायाच्या परिभाषेत पेशीचा तो नमुना हा पक्ष झाला, ग्रब-२ चे तेथे असणे हे साध्य झाले, आणि काळा पट्टा हा हेतू झाला. जेथे जेथे हा पट्टा तेथे तेथे ग्रब-२, असा नियत साहचर्यसंबंध, म्हणजे व्याप्ती, असेल तरच हेतूवरून साध्याकडे जाता येईल. ही व्याप्ती कशी ठरवायची याविषयी दिङ्नागाने पाचव्या-सहाव्या शतकात घातलेल्या अटी तीन आहेत: हेतू पक्षात असला पाहिजे, सपक्षात म्हणजे जेथे साध्य निश्चित आहे अशा ठिकाणी असला पाहिजे, आणि विपक्षात म्हणजे जेथे साध्य निश्चितपणे नाही अशा ठिकाणी तो कधीही आढळता कामा नये. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून न्यायाची ओळख झालेल्या कोणालाही या दोन ठिकाणांची रूढ उदाहरणे आठवतील, कारण सपक्ष म्हणून पाकशाळा आणि विपक्ष म्हणून जलाशय ही जोडी त्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्रात या ग्रंथाचे अध्ययन पाठशाळांपासून महाविद्यालयांपर्यंत झाले, आणि यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये निघाली.

प्रयोगशाळेतील पाकशाळा उभारणे सोपे आहे. ज्या पेशीत कृत्रिमरीत्या ग्रब-२ चा जनुक भरून ते प्रथिन भरमसाट निर्माण केले आहे, ती पेशी हा सपक्ष. तेथे प्रतिपिंडाने ठळक पट्टा दाखवला, की बहुतेकांचे समाधान होत असे. पण या कसोटीतून एवढेच कळते की हे प्रतिपिंड ग्रब-२ ला चिकटू शकते, आणि ते आणखी कशाला चिकटत नाही हे कळत नाही, जे कळणे अधिक महत्त्वाचे असते. ग्रब-२ ला ग्रॅप नावाचे एक जवळचे भावंड आहे. त्याची तिन्ही खंडांची मांडणी तीच, वजनही जवळपास तेवढेच, आणि रक्तपेशींमध्ये त्याचा वावर असतो. एखादे प्रतिपिंड दोघांनाही ओळखत असेल, तर पट्टा ग्रब-२ च्या अनुपस्थितीतही उमटेल, आणि असा हेतू साध्याच्या अभावीही राहत असल्यामुळे त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणावे लागेल. जलाशयावरील बाष्प पाहून ज्याला धुराचा भास झाला, त्याची चूक याहून निराळी नाही.

म्हणून सगळा भार विपक्षावर येतो. विपक्ष म्हणजे अशी पेशी, जी इतर सर्व बाबतीत तशीच आहे, पण जिच्यातून ग्रब-२ चा जनुक निष्क्रिय केला आहे. प्रयोगशाळेच्या भाषेत ती ‘नॉकआउट’ पेशी. २०१२ पासून क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र हाती आल्यावर अशा पेशी तयार करणे पूर्वीच्या मानाने सुलभ झाले. नैयायिकाचा जलाशय निसर्गात आयताच असतो, त्याला तो शोधावा लागत नाही. जीवशास्त्रज्ञाला आपला जलाशय खणावा लागतो, आणि कधी कधी तो खणताच येत नाही. ग्रब-२ पूर्णपणे नसलेल्या उंदरांचे गर्भ अगदी आरंभीच्या अवस्थेतच मरतात असे १९९८ मध्ये दाखवण्यात आले. ज्या पेशींचे जगणेच या प्रथिनावर अवलंबून आहे, त्यांच्यात पूर्ण अभाव निर्माण करू जाता तपासायला पेशीच उरत नाही. अशा वेळी आरएनए हस्तक्षेपाने प्रथिनाचे प्रमाण केवळ घटवले जाते आणि पट्टा फिका होतो की नाही ते पाहिले जाते, पण अर्धवट आटलेल्या जलाशयासारखा हा अर्धा विपक्ष असतो, आणि त्यावरून काढलेल्या निष्कर्षालाही तेवढीच मर्यादा राहते.

विपक्ष मिळाला तरी काम संपत नाही. नॉकआउट पेशीच्या रकान्यात पट्टा नाही, म्हणजे तेथे रिकामी जागा आहे. या रिकाम्या जागेचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, तर नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच अंतर्भूत करतात. परंतु एका अटीवर दोघांचेही एकमत आहे, आणि ती अट योग्यतेची आहे. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे हे तिच्या नसण्याचे गमक ठरते. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. वेस्टर्न ब्लॉट करणारा अभ्यासक त्याच पटलावर ट्यूबुलिन किंवा अ‍ॅक्टिन यांसारख्या, पेशीत नेहमीच असणाऱ्या प्रथिनाचाही पट्टा दाखवतो. त्या दुसऱ्या पट्ट्यामुळे रकान्यात नमुना खरोखर घातला होता, तो पटलावर उतरला होता आणि दिवा लागलेला होता याची ग्वाही मिळते. ज्या संशोधनलेखात हा दुसरा पट्टा छापलेला नसतो, त्यातील रिकाम्या जागेला ज्ञान म्हणण्याचा अधिकार नाही, हे मत कठोर वाटले तरी सोडता येण्यासारखे नाही.

अ‍ॅडाप्टरच्या अभ्यासात याहूनही सूक्ष्म अडचण येते. ग्रब-२ कोणाला धरून आहे हे पाहण्यासाठी प्रतिपिंडाला सूक्ष्म मण्यांवर बसवून त्याच्याकरवी पेशीच्या अर्कातून ग्रब-२ ओढून काढतात. या पद्धतीला प्रतिपिंडाधारित अवक्षेपण म्हणता येईल. ग्रब-२ बरोबर जे ओढले जाते ते त्याचे सोबती, असे त्यातले अनुमान असते. पण प्रतिपिंड जर नेमके एसएच-२ किंवा एसएच-३ खंडालाच चिकटणारे असेल, तर सोबत्याने धरायची जागा प्रतिपिंडाने व्यापलेली राहते आणि जो संबंध पाहायचा होता तोच तुटतो. संबंध तेथे नव्हता की पाहण्यामुळे नाहीसा झाला, हे मग सांगता येत नाही. शिवाय प्रतिपिंड हेही प्रथिनच असते. ते दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांचे बनलेले असते, जेलमध्ये जड साखळी सुमारे ५० आणि हलकी साखळी सुमारे २५ किलोडाल्टनच्या जागी दिसते, आणि ही दुसरी जागा नेमकी ग्रब-२ ची आहे. मण्यांवरून सुटलेल्या प्रतिपिंडाची हलकी साखळी पट्टा म्हणून उमटली आणि अभ्यासक सावध नसला, तर तो आपल्या साधनालाच साध्य समजून बसतो. डोळ्याने पाहायला निघावे आणि डोळाच दिसावा, असा हा प्रसंग. त्यावर उपाय म्हणून जड साखळीचाच भाग ओळखणारी दुय्यम प्रतिपिंडे वापरतात किंवा मूळ प्रतिपिंड मण्यांना कायमचे जखडून टाकतात.

आणखी एक अट सहसा उच्चारली जात नाही. उकळून आणि साबणासारख्या द्रव्यात बुडवून उलगडलेल्या ग्रब-२ ला अचूक ओळखणारे प्रतिपिंड, सूक्ष्मदर्शकाखाली अखंड पेशीतील घडी घातलेल्या ग्रब-२ ला ओळखेलच असे नाही. एका पद्धतीत मिळालेली व्याप्ती दुसऱ्या पद्धतीत गृहीत धरणे, हे ओल्या इंधनाची अट विसरून अग्नीवरून धुराचे अनुमान करण्यासारखे आहे. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत पद्धतीची ही अट ‘उपाधी’ ठरते की नाही यावर नैयायिक वाद घालतील, पण अनुच्चारित अटीने अनुमान बिघडते हा त्या विचारातला गाभा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

आता मूळ वादाकडे येता येते. मीमांसकांच्या मते ज्ञान उत्पन्न होते तेच प्रामाण्यासह उत्पन्न होते; त्याला बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत ते प्रमाणच असते, आणि सिद्ध करावे लागते ते अप्रामाण्य. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे की खोटे हे ज्ञानाबाहेरच्या कशावरून तरी ठरते. हा वाद वेदाच्या प्रामाण्यासाठी पेटला, आणि त्यात दोन्ही पक्षांची धर्मनिष्ठा पणाला लागलेली होती, हे विसरून चालणार नाही. प्रतिपिंडाच्या बाटलीवर ‘ग्रब-२ साठी’ असे लिहिलेले असते, आणि तो शब्द वाचून अभ्यासक प्रयोगाला लागतो; व्यवहारात तो मीमांसकच असतो, कारण बाधक येईपर्यंत लेबल खरे असे तो धरून चालतो. या वृत्तीची किंमत काय झाली हे हळूहळू उघड झाले. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकटुन यांनी ११० सहस्वाक्षरीकर्त्यांसह ‘नेचर’मध्ये मागणी केली की संशोधनासाठीची प्रतिपिंडे त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमानिशी निश्चित केलेली आणि पुनर्संयोजित पद्धतीने बनवलेली असावीत. त्यानंतर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी निगडित गटाने ६५ मानवी प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडे नॉकआउट पेशींच्या विपक्षावर घासून पाहिली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या त्या तपासणीत नीट काम न करणारी शेकडो प्रतिपिंडे प्रसिद्ध संशोधनलेखांत वापरली गेल्याचे आढळले. त्या सर्व लेखांच्या लेखकांना अप्रामाणिक म्हणता येणार नाही. त्यांच्या ज्ञानाला बाधक आले नाही, एवढेच.

बाधक का आले नाही, हा येथे कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अ‍ॅडाप्टरच्या स्वरूपात सापडते. नैयायिक प्रामाण्याची बाह्य कसोटी म्हणून प्रवृत्तिसामर्थ्य सांगतात: पाणी दिसले, माणूस तिकडे गेला, प्यायला आणि तहान भागली, तर पाण्याचे ज्ञान खरे, तहान भागली नाही तर ते मृगजळ. मृगजळाचा भ्रम स्वतःच आपले बाधक घेऊन येतो, म्हणून पाण्याच्या बाबतीत मीमांसकासारखे वागले तरी फारसे बिघडत नाही. विकराविषयीचा भ्रमही असाच फार काळ टिकत नाही, कारण त्याचे फळ परीक्षानळीत मिळते किंवा मिळत नाही. पण ज्याला स्वतःचे फळ नाही, जो केवळ दुवा आहे, त्याच्याविषयीच्या चुकीच्या ज्ञानाला तहानच नसते, मग ती भागली नाही हे कळणार कसे? स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य हे दोन पक्ष सर्व वस्तूंना सरसकट लावायचे सिद्धान्त आहेत असे परंपरेने मानले. येथे मात्र असे दिसते की यांपैकी कोणता पक्ष परवडेल हे वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून आहे, आणि निष्क्रिय दुव्याच्या बाबतीत परतःप्रामाण्यावाचून गत्यंतर नाही.

मीमांसकांच्याच दर्शनात अशा न दिसणाऱ्या दुव्याला एक विलक्षण समांतर आहे. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग पुढे केव्हातरी मिळतो. नष्ट झालेले कर्म आणि न आलेले फळ यांना जोडणारा काहीतरी दुवा असलाच पाहिजे, म्हणून त्यांनी ‘अपूर्व’ मानले, आणि ते अर्थापत्तीने, म्हणजे अन्यथा उपपत्ती लागत नाही या कारणाने, सिद्ध केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेशीविज्ञानाचीही हीच स्थिती होती: एका टोकाला ग्राहक ठाऊक होता, दुसऱ्या टोकाला रास ठाऊक होते, पण मधला दुवा कोणी पाहिलेला नव्हता आणि तो असल्यावाचून उपपत्ती लागत नव्हती. दोन्हींतला भेद असा की यज्ञ यथासांग झाला आणि अपूर्व मात्र उपजले नाही, असा विपक्ष उभा करण्याचा उपाय माणसाच्या हाती नाही. श्रद्धेने मानलेल्या अपूर्वाची यात काही हानी होत नाही. फक्त ते कोणत्या प्रकारच्या ज्ञानाचा विषय होऊ शकते आणि कोणत्या प्रकारच्या नाही, एवढी सीमा स्पष्ट होते.

परतःप्रामाण्यावर मीमांसकांनी घेतलेला आक्षेप दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. प्रतिपिंडाची परीक्षा नॉकआउट पेशीने करायची, तर नॉकआउट झाले की नाही याची परीक्षा जनुकाचा क्रम वाचून करावी लागेल, त्या वाचनाची परीक्षा आणखी कशाने तरी, आणि ही अनवस्था कोठेच थांबणार नाही. उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात यावर दिलेले उत्तर असे की शंकेला व्याघाताची मर्यादा असते; पुढच्या न्यायपरंपरेतील उदाहरणाप्रमाणे, जो धुरासाठी अग्नी पेटवतो आणि तृप्तीसाठी जेवतो, त्याला अग्नी आणि धूर यांच्या संबंधाविषयी शंका घेणे स्वतःच्याच वागण्याशी विसंगत आहे. श्रीहर्षाने या उत्तरावर केलेला हल्ला तीक्ष्ण असला, तरी प्रयोगशाळेतील माणसाला उदयनाचार्यांचे उत्तर पुरते, कारण त्याची शंकाही कृतीतून निपजते आणि कृतीतच शमते.

त्यापेक्षा भक्कम आधार प्रमाणसंप्लवाचा आहे. एकाच विषयावर अनेक प्रमाणे प्रवृत्त होऊ शकतात असे वात्स्यायनांनी न्यायभाष्यात सांगितले: अग्नी आधी आप्ताच्या शब्दाने कळतो, जवळ जाता धुरावरून अनुमानाने कळतो, आणि शेवटी प्रत्यक्ष दिसतो. ग्रब-२ चा शोध असाच दोन स्वतंत्र वाटांनी लागला. १९९२ मध्ये एका गटाने फॉस्फेटधारी ग्राहकाच्या शेपटीलाच गळ म्हणून वापरून तिला चिकटणाऱ्या मानवी प्रथिनाचा जनुक हुडकून काढला; त्याच वर्षी दुसऱ्या गटाने सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीत सेम-५ नावाचा जनुक ओळखला, ज्यात बिघाड झाला की कृमीला अंडी घालण्याचे द्वार नीट घडवता येत नाही. हे दोन्ही जनुक एकाच घडणीचे प्रथिन बनवतात. पहिल्या वाटेवर प्रथिन काय धरते हे दिसले आणि दुसऱ्या वाटेवर ते नसले तर काय बिघडते हे दिसले. या दोन्ही ओळखी प्रतिपिंडाच्या लेबलावर उभ्या नव्हत्या. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सेम-५ मध्ये बिघाड असलेल्या कृमीत मानवी ग्रब-२ चा जनुक घालून पाहण्यात आला, आणि त्या कृमीत अंडी घालण्याचे द्वार पुन्हा घडू लागले. परीक्षानळीत एकटे असताना ज्याचे कोणतेही फळ मिळत नव्हते, त्या दुव्याचे फळ एका अखंड जिवंत प्राण्याच्या शरीरात, त्याच्या सर्व सोबत्यांच्या मेळाव्यात, अशा रीतीने दिसून आले.